खापर मराठीच्या माथी

महाविद्यालयात पाऊल टाकलेल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीत पानभर मजकूर धडपणे लिहिता येत नाही, ही तक्रार आता इतकी सर्वतोमुखी झाली आहे की तिच्याबद्दल वाद घालावा असे कोणालाच वाटत नाही. वाद घालायचा तो तक्रारीच्या कारणाबद्दल. प्राध्यापक, पालक, नोकरी देणारे साहेब आणि लग्नाच्या मांडवात भेटणारे परदेशस्थ नातलग हे सारे एका सुरात सांगतात : घरी बोली, शाळेत मराठी, गाडीत हिंदी, मग इंग्रजी यावी कशी? एवढ्या भाषांची खिचडी डोक्यात घेऊन आलेले पोर शुद्ध इंग्रजी लिहील तरी कसे? हे कारण खोटे आहे, आणि घातकही आहे. त्यावर विश्वास ठेवून गेल्या तीस-चाळीस वर्षांत वसईपासून मुंबईपर्यंतच्या आपल्या कॅथलिक कुटुंबांनी जे उपाय केले, त्यांनी रोग बरा झाला नाहीच. आजी आणि नातवंड यांच्यामधला पूल मात्र मोडला.

पहिला उपाय मराठी शाळा सोडण्याचा. दुसरा त्याहून कठोर, घरातली बोलीच बंद करण्याचा. सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे आईबाप पाळण्यातल्या बाळाशी इंग्रजीत बोलू लागले. ती इंग्रजी तरी कोणती? 'कम', 'ईट', 'डोन्ट टच', 'से हॅलो टू अंकल'. आज्ञा आणि मनाई यांपलीकडे ती जात नाही. विहिरीवर रहाट होते तेव्हाचे दिवस, पावसाआधीची वाडीतली लगबग, दोन आळ्यांमधले जुने भांडण आणि ते मिटले कसे, यांतले काहीच त्या इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणून ते सांगितलेच जात नाही. मुलाला भाषा मिळाली असे आईबाप समजतात. त्या भाषेत सांगण्याजोगे काही त्याच्या पदरात पडले का, हे कोणी विचारत नाही.

या उपायांचा निकाल तपासण्याची वेळ केव्हाच आली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे आज मराठी माध्यमातून बारावी होऊन आलेल्या मुलाने बारा वर्षे इंग्रजी हा विषय अभ्यासलेला असतो. तरीही त्याला लिहिता येत नाही. त्याच्या शेजारच्या बाकावर इंग्रजी माध्यमातून आलेली मुलगी बसलेली असते. ती फाडफाड बोलते, तिचे उच्चार सफाईदार असतात. तिच्या हाती कोरा कागद द्या आणि 'तुझ्या गावात गेल्या दहा वर्षांत काय बदलले' एवढेच लिहायला सांगा. चार वाक्यांनंतर तीही अडते, आणि पाचव्या वाक्यापासून विकास, प्रदूषण, तरुण पिढी असले ठरीव शब्द रांगेने येऊ लागतात. मराठी हाच अडसर असता तर निदान ही मुलगी तरून जायला हवी होती. इंग्रजी शिकवण्यात माझी उमेद गेली. या दोन प्रकारच्या मुलांत मला एकच गोष्ट समान दिसली. आपल्या मनाने एक पान लिहिले आहे आणि ते कोणीतरी लक्षपूर्वक वाचून परत दिले आहे, असा प्रसंग दोघांच्याही आयुष्यात आलेला नसतो.

महाविद्यालयातील इंग्रजीचा तास कसा चालतो, हे पालकांनी एकदा पाहायला हवे. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग असतो. प्राध्यापक उतारा वाचतात, अर्थ सांगतात, पुष्कळदा हिंदीत किंवा मराठीत सांगतात (त्यात गैर काही नाही), आणि मग परीक्षेत येणारी उत्तरे सांगून लिहून देतात. जे वर्गात सुटते ते गाईडमध्ये मिळते. वाणिज्य शाखेच्या मुलांना पत्रव्यवहार शिकवतात. तक्रारीचे पत्र असते. पण तक्रार कसली, तर कुठल्याशा काल्पनिक कंपनीने पाठवलेल्या खराब मालाची! ज्या मुलाच्या घरी नळाला पाणी येत नाही म्हणून टँकरची वाट पाहावी लागते, ज्या मुलीला सकाळच्या विरार गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्यांना खऱ्या तक्रारींचा तुटवडा आहे काय? पण तसले पत्र गाईडमध्ये नसते, म्हणून ते लिहायचे नसते. वरचा पत्ता, खालचे 'युअर्स फेथफुली' आणि मधला पाठ केलेला मजकूर. याला लेखन म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात. नकलेत मुले पटाईत होतात, गुणही मिळवतात, आणि आपण त्यांचा सत्कार करतो.

आता तर गाईडही मागे पडले आहे. मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की क्षणात निबंध हजर होतो, तोही बिनचूक इंग्रजीत. त्यावरून शिक्षकवर्गात हाहाकार माजला आहे; मुले फसवतात, स्वतः लिहीत नाहीत, असा आक्रोश चालू आहे. मला त्यांच्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटते. पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना दुसऱ्याने लिहिलेले उतरवून काढायला शिकवले. यंत्राने ते काम जलद केले, इतकेच.

चुका होतात, हे मी नाकारत नाही. पण चूक म्हणजे गोंधळ नव्हे. एक नमुना घेऊ. विद्यार्थी लिहितो, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टू चर्च.' प्राध्यापक 'बट'वर लाल फुली मारून पुढच्या कागदाकडे वळतात. आता मराठी वाक्य पाहा : 'जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही देवळात गेलो.' मराठीत 'जरी'ला 'तरी' लागतो, 'जेव्हा'ला 'तेव्हा' लागतो, 'जसा'ला 'तसा' लागतो. एकट्या 'जरी'वर वाक्य सोडले तर ते लंगडते. मुलाच्या कानाला जोडी हवी होती, म्हणून त्याने 'तरी'च्या जागी 'बट' बसवला. त्याच्या मनात एक नियम होता आणि तो त्याने इमानाने पाळला. इंग्रजीचा नियम वेगळा आहे, तिथे जोडीतला एकच शब्द पुरतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरा नमुना : 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन वसई सिन्स टू इयर्स.' आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. एकच 'पासून' दोन्ही कामे करतो. इंग्रजीने तीच कामे 'सिन्स' आणि 'फॉर' या दोघांत वाटून दिली आहेत. आरंभाचा क्षण सांगायचा तर पहिला, काळाची लांबी सांगायची तर दुसरा. क्रियापदाचे रूपही बदलते, ते वेगळेच. तिसरा नमुना सर्वांत मजेदार आहे. 'ही टोल्ड दॅट आय विल कम टुमारो.' आता उद्या येणार कोण? लिहिणाऱ्याच्या लेखी तो दुसरा माणूस येणार आहे, कारण मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' या वाक्यातला 'मी' बोलणाऱ्याचा असतो, सांगणाऱ्याचा नव्हे. इंग्रजी वाचकाला मात्र लिहिणारा स्वतःच येणार असे वाटते. या एका सर्वनामापायी कार्यालयांत केवढे घोळ होत असतील याची कल्पना करा! आणि 'द' आणि 'अ' यांच्या चुका तर विचारूच नका. मराठीला असली उपपदेच नाहीत. कोणता माणूस, ओळखीचा की कोणीतरी एक, हे आपण संदर्भावरून जाणतो, नाहीतर 'तो' किंवा 'एक' लावून भागवतो.

यांतली एकही चूक आळसाची किंवा मंद बुद्धीची नाही. शिवाय दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक 'जरी-तरी'ची गोष्ट फळ्यावर पाच मिनिटांत उलगडून दाखवू शकतो. मराठीचा गंध नसलेल्या लंडनच्या पंडिताला ते जमणार नाही. जिला आपण अडसर म्हणून घराबाहेर काढले, ती मराठीच इथे किल्ली ठरते.

असे म्हणणारा मी पहिला नाही. आपली मुले ज्या अमेरिकेकडे डोळे लावून बसतात, तिथे हा वाद पन्नास वर्षांपूर्वीच झाला आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना आपली दारे उघडली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून, पोर्तो रिकोहून आलेल्या आणि इतर स्थलांतरित कुटुंबांतून मुले आली. त्यांच्या घरी एक भाषा किंवा बोली होती, विद्यापीठात दुसरी. त्यांच्याकडून लिहून घेतलेले निबंध वाचून प्राध्यापक हवालदिल झाले, आणि ही मुले शिकण्यापलीकडची आहेत असे अनेकांनी ठरवून टाकले. तिथल्या सिटी कॉलेजातील मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने मात्र असे सुमारे ४००० निबंध घेतले आणि त्यांतील चुकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. चुकांना संगती असते, ही मुले मंद नसून नवशिकी आहेत, आणि सुधारणा प्रथम शिकवणाऱ्याच्या दृष्टीत व्हायला हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी १९७४ साली महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांच्या अमेरिकन परिषदेने, विद्यार्थ्याला आपल्या घरच्या बोलीवर हक्क आहे, असा ठरावच केला होता.

अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हे. पैशाची चणचण भासताच त्याच विद्यापीठाने १९७६ साली मोफत शिक्षण बंद केले, आणि कच्च्या विद्यार्थ्यांसाठीचे पूरक वर्ग आपल्या चार वर्षांच्या महाविद्यालयांतून काढून टाकण्याचा निर्णय १९९९ साली घेतला. परदेशी मुलांना तिथेही पुष्कळदा खालच्या पायरीवर उभे करतात. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी लेखन हा स्वतंत्र विषय असतो आणि त्यात मुले खरोखरच लिहितात. खर्डा लिहायचा, तो शिक्षकाने वाचायचा, 'हे कशावरून?', 'उदाहरण कुठे आहे?' असे समासात विचारायचे, आणि मग तो पुन्हा लिहायचा. पदवीसाठी तिकडे गेलेली आपली मुले या प्रकाराने प्रथम चक्रावतात. उत्तर बरोबर की चूक एवढेच ऐकायची सवय असलेल्या मुलाला 'तुला स्वतःला काय वाटते?' हा प्रश्न उद्धट वाटतो.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा ते तिशीच्या घरात होते. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा, विद्या लॅटिनमधून झालेली, राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज, आणि भोवतालचे लोक कोंकणी बोलणारे. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले, आणि १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे. या माणसाच्या डोक्यात भाषांची खिचडी नव्हती काय? चांगली चार-पाच धान्यांची होती! सहजपणे मराठी बोलता यावी म्हणून त्यांनी इंग्रजी टाकली नाही, की 'मराठीतच विचार करा' असा उपदेश त्यांना कोणी केला नाही. त्यांच्यापाशी सांगण्याजोगी कथा होती आणि ती ऐकू इच्छिणारी माणसे समोर होती. परभाषेत लिहायला शिकण्यासाठी याहून मोठी सोय मला ठाऊक नाही.

मराठी आणि इंग्रजी या सवती आहेत, ही समजूतही अलीकडचीच. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केले तेव्हा त्यात दोन्ही भाषांतला मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. आज मराठीत आपण जी विरामचिन्हे वापरतो ती आपल्याकडे रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी या इंग्रजाला देतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' लिहिली ती इंग्रजी निबंधकारांचा कसून अभ्यास करून. पुढे अरुण कोलटकर दोन्ही भाषांत कविता करत राहिले. त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि त्यातला खंडोबाचा डोंगर अस्सल इथला आहे. दोन भाषांनी माणसाचे नुकसान होत असते तर या मंडळींचे केव्हाच वाटोळे झाले असते.

'इंग्रजी लिहायची तर इंग्रजीतच विचार करा' हा उपदेश आपले कित्येक शिक्षक आजही देतात. नवशिक्याने विचार करायचा तो त्याच्याजवळ असलेल्या शब्दांतच ना? त्याच्यापाशी इंग्रजीचे पाचशे शब्द असतील तर तो पाचशे शब्दांएवढाच विचार करील, आणि मग आपण म्हणू, पोराला कल्पनाच सुचत नाहीत. उलट त्याला आधी मराठीत किंवा आपल्या बोलीत काय म्हणायचे ते मांडू द्या, कच्च्या कागदावर दोन भाषा एकमेकींत मिसळू द्या, आणि मग त्यातून इंग्रजी पान घडवायला बसवा. शब्दकोश उघडावा लागेल, कपाळाला आठ्या पडतील. पण जे पान तयार होईल ते त्याचे असेल.

आता आपल्या मराठीप्रेमींना एक शब्द, कारण तेही या प्रकरणात निर्दोष नाहीत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. ठीक आहे. पण आपल्या शाळांतील मराठी निबंधाचे काय? 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी मुख्यमंत्री झालो तर' आणि फुटक्या छत्रीचे आत्मवृत्त! तेच विषय, तीच पाठ केलेली सुभाषिते, तेच गाईड. ज्या मुलाला मराठीत स्वतःचे एक पान कधी लिहायला लावले नाही, त्याला इंग्रजीत ते कोठून येणार? आणि इंग्रजीला गुलामगिरी म्हणणाऱ्या व्यासपीठावरील किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न सभ्यपणाने सोडून देतो.

'हे सारे खरे, पण परीक्षा असल्या गोष्टी विचारत नाहीत,' असे पालक म्हणतील. कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायचे तर आयईएलटीएसमध्ये चाळीस मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. तिथे 'जरी-तरी' चालत नाही. मान्य. शुद्ध इंग्रजी हवीच, त्यात मी सवलत मागत नाही. पण त्या परीक्षेच्या शिकवणी वर्गांत काय चालते? कोणत्याही विषयाला जोडता येईल अशी सुरुवात आणि कोणत्याही विषयावर चिकटेल असा शेवट पाठ करून घेतात. मधला भाग मुलाने भरायचा असतो, आणि नेमका तोच भाग रिकामा राहतो.

मधला भाग भरतो कसा, याचे एक उदाहरण देतो. एखादी कृती क्रमाने समजावून सांगा, हा इंग्रजी लेखनातला नेहमीचा प्रश्न. गाईडमध्ये चहा करण्याची कृती असते. आता आपल्या वसईच्या मुलीला सुकेळी कशी करतात ते लिहायला सांगा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, ढग आले की आत घ्यायची, अखेर सुक्या पानांत बांधायची. तिला हे लिहायचे तर आजीला विचारावे लागेल, आणि आजी सांगेल ती तिच्या बोलीत. केळे आत शिजल्यासारखे मऊ झाले की पुरे, नुसते कोरडे नको, हा भेद इंग्रजीत कसा सांगायचा? शब्दकोशात त्याला आयता शब्द नाही. मग तिला दोन वाक्ये रचावी लागतील; आधी काय होते, मग काय होते, कशावरून ओळखायचे, आणि ज्याने सुकेळी आयुष्यात पाहिली नाही त्या वाचकाला ती कशी दिसावी. या दोन वाक्यांसाठी तिने जी झटापट केली, तेच इंग्रजी लेखनाचे शिक्षण. ते गाईडला देता येत नाही, आणि यंत्राला तिच्या आजीचा पत्ता ठाऊक नाही.

राहता राहिला एकच खरा अडथळा, आणि तो मराठीशी संबंधित नाही. १२० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने पंधरवड्याला एक पान लिहिले आणि प्राध्यापकाने एकेका पानाला दहा मिनिटे दिली, तर एका वर्गाचे वीस तास होतात. असे त्याच्याकडे तीन-चार वर्ग असतात. कोणीही माणूस हे करू शकत नाही, तासिकेवर नेमलेला तर नाहीच. वर्ग लहान करा, लेखनासाठी वेगळे शिक्षक नेमा, ही मागणी आपण विद्यापीठाकडे आणि आपल्याच संस्थांच्या चालकांकडेही कधी केली आहे काय? इमारतीसाठी वर्गणी मागितली जाते तेव्हा ती आपण देतो. त्या इमारतीत एका शिक्षकामागे किती मुले बसतात ते विचारत नाही.

तोवर निदान एवढे करता येईल. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, बँकांत आणि कार्यालयांत इंग्रजी पत्रव्यवहार करून निवृत्त झालेली माणसे आहेत. दहा मुलांमागे एक वाचक मिळाला तरी पुरे. रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात दोन तास, पंधरवड्याला एक पान, तेच पान दोनदा लिहिलेले. विषय मुलाचा, पहिला खर्डा त्याला हव्या त्या भाषेत. पहिल्या वाचनात व्याकरणाला हात लावायचा नाही. हे मला कळले नाही, इथे पुढे काय झाले, एवढेच विचारायचे. लाल शाई दुसऱ्या खर्ड्यासाठी ठेवायची, आणि तीही 'जरी-तरी' समजावून सांगितल्यावर. वाचक कोठून आणायचे, हा प्रश्न पडत असेल तर दरवर्षी गुणवंतांच्या सत्काराला मंचावर बसून इंग्रजीचे महत्त्व सांगणाऱ्या पाहुण्यांपासून यादीला सुरुवात करावी.